नोकरीत असताना पुरातत्त्वशास्त्राच्या वर्गात परतायचे असेल तर

लेण्यांतील ब्राह्मी अक्षरांपुढे वर्षानुवर्षे थबकणाऱ्या, पण पदवी वाणिज्याची किंवा अभियांत्रिकीची म्हणून मागे राहिलेल्या वाचकाला आधी हे सांगायला हवे की पुरातत्त्वाच्या एम.ए.साठी इतिहासाचीच पदवी लागते असे नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात कोणत्याही शाखेच्या पदवीधराला या अभ्यासक्रमासाठी अर्ज करता येतो.

तरीही अर्ज भरण्याआधी सहा महिने आपली ओढ तपासून पाहावी, कारण किल्ल्यांची आणि राजांची आवड असलेल्या पुष्कळांचा उत्साह खापऱ्या पाहून ओसरतो. उत्खननातला बराचसा वेळ खापऱ्या धुणे, त्यांवर क्रमांक घालणे, त्यांची चित्रे काढणे आणि नोंदी ठेवणे यांत जातो. घोड नदीकाठच्या इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात झालेल्या उत्खननातून ताम्रपाषाणयुगातील, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारे वापरली जात त्या काळातील, शेतकऱ्यांची घरे, त्यांचे धान्य आणि घराच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लहान मुले यांची माहिती मिळाली, ती अशाच संथ कामातून. त्या उत्खननाचे अहवाल वाचताना तुम्हाला कंटाळा येत नसेल, तर विषय तुमचा आहे असे मी निःशंकपणे म्हणेन. जोडीला ब्राह्मी लिपी शिकावी. मुळाक्षरे हाती आली की नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यात जाऊन सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिच्या लेखातील दोन ओळी स्वतः उतरवून घ्याव्यात आणि घरी येऊन त्या प्रकाशित वाचनाशी ताडून पाहाव्यात. आपण किती चुकलो हे त्या संध्याकाळी कळते, आणि त्या चुका शोधण्यात जो आनंद मिळतो त्यावरच पुढची दोन वर्षे निघतात.

नोकरी सोडणे शक्य नसेल तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठासारख्या संस्थेतून इतिहासाचा पाया पक्का करता येतो. मात्र खड्ड्यात उतरून मातीचे थर ओळखणे घरबसल्या येत नाही, म्हणून क्षेत्रकार्याला पर्याय नाही. दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमाला त्या वर्षासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे ना, हे पैसे भरण्यापूर्वी आयोगाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे.

कागदपत्रे जानेवारीतच बाहेर काढावीत. गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, विद्यापीठ बदलत असल्यास स्थलांतर प्रमाणपत्र आणि मधल्या वर्षांबद्दलचे प्रतिज्ञापत्र, यांपैकी काय काय लागेल ते प्रवेश विभागाला विचारून लिहून घ्यावे. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांनी राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणी दाखला जवळ ठेवावा. माझ्या पदवीवरील आणि आधार कार्डावरील नावात एका अक्षराचा फरक होता आणि तो निस्तरण्यात दीड महिना गेला, म्हणून हे कळकळीने सांगतो आहे. सरकारी नोकरीत असणाऱ्यांनी कार्यालयाची लेखी परवानगी प्रवेशाआधी घ्यावी.

रजेचा हिशेबही आधीच मांडावा. क्षेत्रकार्य बहुधा पावसाळा सरल्यावर, कोरड्या हवेत होते आणि त्यासाठी सलग काही आठवडे घराबाहेर, शिबिरात राहावे लागते. त्यामुळे अर्जित रजा दिवाळीत किंवा लग्नसराईत खर्ची घालू नये, आणि मुलांची किंवा वृद्ध आईवडिलांची त्या काळातील व्यवस्था घरच्यांशी बोलून ठरवावी.

अभ्यासासाठी मी पहाटेचे दोन तास सुचवेन, कारण कामावरून थकून आल्यावर स्तरविन्यासाची, म्हणजे मातीच्या थरांच्या क्रमाची, आकृती डोक्यात उतरत नाही. वर्गात सोबती आपल्या मुलांच्या वयाचे असतील. त्यांच्याकडून संगणकावर नकाशे करणे शिकावे आणि आपले मराठी-इंग्रजी टिपण त्यांना द्यावे. अनेक वर्षे कळफलकावर काम केलेल्या हाताला तीन तास सलग लिहिण्याची सवय राहिलेली नसते, तेव्हा पहिल्या सत्राच्या परीक्षेआधी किमान महिनाभर रोज एक पूर्ण उत्तर, आकृतीसह, घड्याळ लावून लिहून काढावे.