गृहकर्ज लवकर फेडायचंय? बोनस आणि ऊसबिल मुद्दलात असं भरा

सांगलीकडे हातात जास्तीचा पैसा येण्याचे दिवस ठरलेले. नोकरदाराला दिवाळीचा बोनस, शेतकऱ्याला उसाचं बिल, हळद विकली की मार्केट यार्डातली पट्टी. त्यातले लाखभर रुपये गृहकर्जात भरायचे असतील, तर आधी कर्जखात्याचं स्टेटमेंट काढा आणि मागच्या हप्त्यातलं किती व्याजाला गेलं ते बघा.

समजा 25 लाखांचं कर्ज, व्याज 8.5 टक्के, मुदत 20 वर्षं. हप्ता बसतो 21,696 रुपये. पहिल्या हप्त्यातले 17,708 रुपये व्याजातच जातात, मुद्दल फिटतं फक्त 3,988. वर्षभर हप्ते भरून झाल्यावर एकदाच 1 लाख जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे सुमारे 21 हप्ते वाचतात. तेच लाख पंधरा वर्षांनी भरले तर जेमतेम 7. पोरगं बारावीला गेल्यावर बघू, असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पण सगळाच पैसा ओतू नका. सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च बाजूला हवा. 2019 आणि 2021 ला कृष्णेचं पाणी घरात शिरलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. कर्जात भरलेली रक्कम साध्या गृहकर्जात परत काढता येत नाही. क्रेडिट कार्ड किंवा पर्सनल लोन चालू असेल तर आधी ते मिटवा, त्याचं व्याज जास्त असतं.

आता करारनामा काढा. व्याजदर फ्लोटिंग, म्हणजे वरखाली होणारा, असेल आणि कर्ज वैयक्तिक नावावर असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मुदतीआधी फेडण्याचा दंड लागत नाही. दर फिक्स्ड, म्हणजे न बदलणारा, असेल तर अटी वाचा. पतसंस्थेचं कर्ज असेल तरीही वाचा, कारण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखाली येत नाहीत.

बँकेत लेखी अर्ज द्या. ही पायरी मी वगळली होती. माझे पहिले पन्नास हजार बँकेने आगाऊ हप्ते म्हणून धरले, मुद्दल होतं तिथंच, आणि ते सरळ करायला तीन हेलपाटे पडले. अर्जात एवढंच लिहा: ‘ही रक्कम आगाऊ हप्ता न धरता मुद्दलात जमा करावी, हप्ता आहे तेवढाच ठेवून मुदत कमी करावी.’ शिक्का मारलेली पोच घ्या. आठवड्याभराने हप्त्यांचं नवं वेळापत्रक मागा आणि शेवटच्या हप्त्याची तारीख खरंच अलीकडे आली का ते बघा. बँकेत ‘हप्ता कमी करून देऊ का?’ असंही विचारतील. महिन्याची ओढाताण होत असेल तरच हो म्हणा.

करसवलतीसाठी कर्ज ठेवावं, हा सल्ला मला पटत नाही. जुन्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला 2 लाखांपर्यंत वजावट मिळते, नव्या प्रणालीत तीही नाही. शंभर रुपये व्याज भरून तीस वाचवायचे, यात कमाई कसली?

कर्ज पूर्ण फिटलं की ना-देय दाखला, म्हणजे काही बाकी नसल्याचं बँकेचं पत्र, घ्या. घराची मूळ कागदपत्रं 30 दिवसांत परत द्यायचं बंधन बँकेवर आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई मिळते. मग सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावरचा बोजा कमी करायचा अर्ज द्या आणि नवा उतारा काढून तो खरंच गेला का ते बघा. ते काम बँक करेल, असं धरून बसू नका.