पोकलेनवर कोड आला, तर सेन्सर मागवायच्या आधी हे तपासा

मॉनिटरवर बिघाडाचा कोड आला, दिवा लागला, मशीन रेस घेईना, लोडवर दम टाकायला लागलं, की शेठचा पहिला प्रश्न, कुठला सेन्सर गेलाय सांग, लगेच मागवतो. मग सेन्सर येतो, बसतो, आणि कोड तसाच. कारण साधं आहे, ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) सेन्सर दिसत नसतो, त्याला दिसतं ते तारेवरून आलेलं व्होल्टेज. ते सेन्सरने बिघडवलं, तुटक्या वायरने की कपलरमधल्या (तारा जोडणाऱ्या प्लगमधल्या) पाण्याने, हे आपल्यालाच मीटर लावून शोधावं लागतं. खाली जे लिहितोय ते कॉमन रेल (एकाच जाड पाईपमधून सगळ्या इंजेक्टरना जास्त दाबाचं डिझेल देणाऱ्या) इंजिनवाल्या पोकलेनसाठी आहे, पण १ एप्रिल २०२१ पासून चाकाच्या मशिनींना सीईव्ही स्टेज ४ (बांधकाम मशिनींच्या धुराचा नियम) लागू झालं, त्यामुळे नव्या जेसीबीवाल्यांनाही उपयोगी पडेल, फक्त तिथे बॅटरी १२ व्होल्टची आणि पोकलेनवर बहुतेक २४ ची, तेवढं लक्षात ठेवा.

आधी कोडचा फोटो काढा, डिलीट मारायची घाई नको. ॲक्टिव्ह कुठले आणि जुने साठलेले कुठले ते वेगळं करा. कोडमध्ये बहुतेक दोन आकडे असतात, एसपीएन म्हणजे कुठलं सर्किट, आणि एफएमआय म्हणजे त्याला झालंय काय. एसपीएन १०० ऑइल प्रेशर, ११० कूलंट टेंपरेचर, १०२ बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब), १५७ रेल प्रेशर, १९० इंजिनची रेस. लोक पहिला आकडा बघून पार्ट मागवतात, पण खरी माहिती दुसऱ्यात असते. ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे सर्किट तुटलंय, २ म्हणजे रीडिंग उड्या मारतंय. आणि ० किंवा १ असेल तर सेन्सर खरं बोलतोय असं धरून चाला, ११० सोबत ० आला तर रेडिएटरची जाळी, फॅन बेल्ट, कूलंट बघा, सेन्सर नंतर. कोमात्सूवर सीए१४४ आणि सीए१४५ असे कोड येतात, तेही कूलंट टेंपरेचरचेच, पहिला व्होल्टेज जास्तचा, दुसरा कमीचा.

आता माझी सगळ्यात आवडती टेस्ट, जिला काही खर्च नाही. मशीन रात्रभर उभं असू द्या, सकाळी इंजिन चालू न करता फक्त किल्ली ऑन करा आणि स्कॅनरवर किंवा मॉनिटरच्या सर्व्हिस मेनूत रीडिंग बघा. कूलंट, हवा, डिझेल, सगळी टेंपरेचर दोनचार डिग्रीच्या फरकाने सारखी दिसली पाहिजेत, एखादंच ६० दाखवत असेल तर चोर सापडला. ऑइल प्रेशर शून्य. बूस्ट सेन्सर हवेचा पूर्ण दाब दाखवणारा असेल तर कोकणात किनाऱ्याला साधारण १०० केपीए (किलोपास्कल, दाबाचं माप) दिसेल आणि महाबळेश्वरला ८६ च्या आसपास, तिथे कमी दिसलं म्हणून सेन्सर काढू नका, उंचीवर हवाच विरळ असते.

यानंतर कपलर. किल्ली बंद करून खोला, कारण पावसाळ्यातल्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात असं माझं मत आहे. पिनवर हिरवा गंज, आत लाल चिखल, रबर सील गायब, मागे गेलेली पिन, आणि ऑपरेटरने प्रेशर वॉशरने इंजिन धुतलेलं असेल तर आत पाणी ठरलेलंच. कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, वाळवा, पिन घट्ट बसतेय का बघा. उंदीर हा वेगळाच विषय, महिनाभर उभ्या असलेल्या मशीनचं हार्नेस (वायरिंगचा जुडगा) खालून चाचपून बघाच.

मग मीटर. प्रेशर सेन्सरला बहुतेक तीन तारा असतात, ५ व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. कपलर काढून किल्ली ऑन केली की सप्लाय तारेवर ५ व्होल्टच्या जवळ मिळाले पाहिजेत, आणि अर्थ नीट आहे का ते कपलर परत जोडून बॅटरीच्या निगेटिव्हशी मोजून बघा, ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. ५ व्होल्टच्या लाईनवर टेस्ट लॅम्प कधीच लावू नका, ईसीएम जाऊ शकतो आणि त्याची किंमत सेन्सरमध्ये मोजता येत नाही. वायरचं प्लास्टिक टोचूनही मोजू नका, त्या भोकातून पाणी शिरतं, कपलरच्या मागून बारीक पिन घाला.

एकदम तीनचार सेन्सरचे कोड आले तर खूश व्हा, तेवढे सेन्सर एकाच दिवशी मरत नाहीत. बऱ्याच इंजिनांत एकच ५ व्होल्टची लाईन अनेक सेन्सरना वाटलेली असते, एक शॉर्ट झाला की सगळे बोंबलतात. मीटर लावून ठेवा आणि एकेक कपलर काढत जा (दर वेळी किल्ली बंद करून), ज्याच्यानंतर ५ व्होल्ट परत आले तो गुन्हेगार. सगळे काढूनही आले नाहीत तर हार्नेस कुठेतरी बॉडीला घासलंय, इंजिन माउंट आणि ब्रॅकेटच्या कडा बघा.

टेंपरेचर सेन्सर दोन तारांचा असतो आणि त्याची टेस्ट सोपी. कपलर काढला की कोड एफएमआय ३ चा व्हायला हवा, हार्नेसच्या दोन पिना छोट्या वायरने जोडल्या की ४ चा. असं झालं तर वायरिंग आणि ईसीएम ठीक, दोष सेन्सरमध्ये. नाही झालं तर वायरिंगच्या मागे लागा. सेन्सरचा रेझिस्टन्स गार असताना जास्त आणि गरम झाल्यावर कमी, बॉश टाइपचा असेल तर २० डिग्रीला अडीच किलोओम, ८० डिग्रीला तीनशे ओमच्या थोडा वर, बाकींचं मॅन्युअल बघा.

अधूनमधून येणारा कोड हा सगळ्यात त्रासदायक. किल्ली ऑन, इंजिन बंद, मीटर मिन-मॅक्सवर (सगळ्यात कमी आणि जास्त रीडिंग धरून ठेवतं), आणि हार्नेस वीतवीतभर हलवत जायचं. चालू इंजिनच्या फॅनजवळ हात घालून हे करू नका. मशीन गरम झाल्यावर बंद पडतं आणि गार झालं की सुरू होतं असं असेल तर सेल्फ मारताना रेसचं रीडिंग बघा, इंजिन फिरतंय पण रीडिंग शून्य, तर क्रँक सेन्सर (इंजिनचं फिरणं मोजणारा), त्याची वायर किंवा टोकाला चिकटलेला लोखंडाचा कीस. रीडिंग येतंय तर डिझेलच्या बाजूला शोधा.

दोन ठिकाणी मस्करी नको. ऑइल प्रेशरचा दिवा लागला की इंजिन बंद, मग मेकॅनिकल गेज लावून खरं प्रेशर मोजा, त्यानंतरच सेन्सरला दोष द्या. आणि रेल प्रेशरचा सेन्सर किंवा पाईप चालू इंजिनवर सैल करायचा नाही, तिथे दाब हजार बारच्या वर जातो, डिझेलची धार कातडीतून आत शिरते आणि मग थेट ऑपरेशन थिएटर.

बकेटचे दात साईटवर वेल्डिंग करून घेता तेव्हा बॅटरी आणि ईसीएमचे कपलर काढा आणि अर्थचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावा. वेल्डिंगनंतर कोड सुरू झाले असतील तर तपासणी तिथूनच चालू करा. दुरुस्ती झाली की कोड क्लिअर करून मशीन आयडलवर बघून सोडू नका, बूस्ट आणि रेलचे कोड लोडवरच परत येतात, अर्धा तास भरून खोदकाम करू द्या, मग मॉनिटर पुन्हा बघा.