पाचच्या अलार्मवर अडून बसू नका : खान्देशातल्या उन्हा-पावसात सवयी लावताना या चुका टाळा

सवय मोडली की आपल्याकडे माणूस पहिलं स्वतःलाच बोल लावतो. मी आळशी, माझ्यात दमच नाही वगैरे. मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा माणूस आळशी नसतोच, त्याने उचललेलं टाईमटेबल त्याच्या अंगाचं नसतं. ते कुठल्यातरी व्हिडिओतून आलेलं असतं, एसी घरात राहणाऱ्या आणि दहा ते सहा ऑफिस करणाऱ्या माणसाचं, आणि आपण ते भुसावळच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना, रात्री दोनपर्यंत पंख्याखाली कूस बदलत काढल्यावर सकाळी पाचला चालवायला बघतो. कसं चालेल भो?

म्हणून खाली त्या चुका लिहितोय ज्या मला आजूबाजूला सारख्या दिसतात, आणि त्या कशा सुधारायच्या तेही.

बारा महिने एकच वेळ धरणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि हिच्याबद्दल कोणी बोलत नाही. जळगाव-धुळ्याकडे जूनमध्ये सूर्य पावणेसहाच्या आसपास उगवतो आणि जानेवारीत सात वाजून गेल्यावर. म्हणजे तासाभरापेक्षा जास्त फरक. आपल्या शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर रोज जुळवून घेतं, त्यामुळे जूनमध्ये पाचला उठणं आणि जानेवारीत मिट्ट काळोखात, थंडीत पाचला उठणं ही दोन वेगळी कामं आहेत, अलार्म जरी तोच असला तरी.

आणि झोपेचंही तसंच. झोप लागायच्या आधी शरीराचं तापमान थोडं उतरावं लागतं, आणि उन्हाळ्यात दिवसभर तापलेलं घर मध्यरात्रीपर्यंत थंड होत नाही, म्हणूनच तर लोक धाब्यावर (घराच्या सपाट मातीच्या छतावर) नाहीतर गच्चीत झोपतात. तिथे झोप उशिरा लागते आणि ऊन आलं की जाग लवकर येते. म्हणजे रात्रीची झोप आपोआप तुटते. मग दुपारी अंग टाकावंसं वाटलं तर त्यात गैर काय?

आपल्या घरातल्या मोठ्या माणसांना हे पक्कं माहीत होतं. बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया करायच्या तर बायका पहाटेच चूल पेटवतात, ऊन चढायच्या आत सगळं घालून मोकळ्या. वैशाखात शेतातला माणूस दहा-अकराच्या आत घरी येतो, आणि मग थेट उन्हं कलल्यावर बाहेर. हेच आपण सवयींना लावायचं. होळीला उन्हाळ्याचं टाईमटेबल काढा, मृग लागला की पावसाळ्याचं, दिवाळीनंतर हिवाळ्याचं. सवय तीच, जागा बदलते. चालायचंच उदाहरण घ्या, उन्हाळ्यात फटफटलं की लगेच किंवा रात्री जेवल्यावर, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बुटाला चिकटून पाय उचलत नाही तेव्हा घरातच वीस मिनिटं व्यायाम, आणि हिवाळ्यात ऊन खात आरामात साडेसातला. वर्षभर चालणं सुटत नाही.

पहाटे उठणारा तोच शहाणा असं मानणं

काही लोक सकाळी तरतरीत असतात, काहींचं डोकं संध्याकाळी चालतं, आणि यातला बराच भाग जन्मतःच ठरलेला असतो. शरीरातलं हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं हे शोधल्याबद्दल २०१७ साली जेफ्री हॉल, मायकल रॉसबॅश आणि मायकल यंग यांना नोबेल मिळालं, म्हणजे ही काही मनाची समजूत नाही. शिवाय वयाप्रमाणे ते सरकतं, वयात आलेल्या पोरांचं उशिराकडे आणि म्हाताऱ्या माणसांचं लवकरकडे.

म्हणून दहावी-बारावीच्या पोराला चारला उठवून पुस्तकासमोर बसवणाऱ्या आईवडिलांना मी हात जोडून सांगेन, थोडं थांबा. त्या वयात आठ ते दहा तास झोप लागते. आजोबा चारला उठून ताजेतवाने असतात ते त्यांच्या वयामुळे, आणि नातू पेंगतो तो त्याच्या वयामुळे. अर्थात शाळा-क्लासची वेळ आपल्या हातात नसते, पण घरी अवघड गणितं संध्याकाळी सोडवायची आणि सकाळी नुसतं उजळणीचं वाचायचं एवढं तर करता येतं.

तुमचं घड्याळ कसं आहे ते बघायला महागडा वॉच नको. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन आठवडे रोज तीनदा, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, एवढंच लिहा : वर, मधे किंवा खाली. कारण लिहू नका, फक्त तो एक शब्द. दोन आठवड्यांनी तुमच्या चांगल्या वेळा तुमच्याच अक्षरात समोर असतील. डोक्याचं काम तिथे टाका, आणि भांडी, बिलं, फोन, हिशोब हे "खाली"च्या वेळेला.

दुपारशी भांडणं

दुपारी एक ते तीनच्या दरम्यान जे जडपण येतं ते जेवणामुळेच येतं असं लोकांना वाटतं. पण न जेवताही ते थोडंफार येतं, शरीराच्या घड्याळातच ती उतरण आहे. शेवभाजी आणि वर भात असं पोटभर झालं की ती आणखी वाढते एवढंच. त्या वेळेत नवीन सवय लावायचीच नाही. पंधरा-वीस मिनिटं आडवं व्हा, पण अलार्म लावून, कारण त्याहून फार लांबलं की माणूस गाढ झोपेत जातो आणि उठल्यावर डोकं आणखी जड.

आणि चहा. पाच वाजता घेतलेल्या चहातलं अर्धं कॅफिन साधारण दहा वाजताही अंगात असतं (माणसागणिक कमी-जास्त होतं). आपल्याकडे कोणाच्या घरी गेलं आणि चहा नको म्हटलं की त्यांना बरं वाटत नाही, हे मलाही मान्य, म्हणून चारनंतर अर्धा कप एवढाच नियम ठेवा, पूर्ण बंद करायच्या नादात पडू नका.

घड्याळाला सवय बांधणं

ज्याच्या विहिरीवरच्या थ्री फेजची, म्हणजे पाण्याची मोटार चालवणाऱ्या विजेची, वेळ आलटून पालटून कधी दिवसा, कधी रात्री असते, त्याने "रोज रात्री दहाला झोपायचं" असं ठरवणं म्हणजे पहिल्याच आठवड्यात मोडणार. रात्रीची पाळी आली की तो केळीला पाणी भरायला मोटारीवर असणार. तसंच भुसावळच्या रेल्वेतले लोक, दीपनगरच्या वीज केंद्रातले शिफ्टवाले, हॉस्पिटलच्या सिस्टर.

यांनी सवय वेळेला नाही, कामाला जोडायची. "अमुक झालं की तमुक करेन" अशी. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने अशा ठरवण्यावर बरंच काम केलंय, आणि नुसतं "करायचंय" म्हणण्यापेक्षा हे जास्त तडीस जातं असं त्यात दिसलं. मोटार चालू करून आलो की दहा मिनिटं पाठीचे व्यायाम. शिफ्टवरून आल्यावर आंघोळ झाली की दोन पानं वाचन. दिवाबत्ती झाली की मोबाईल कपाटात. लाईट रात्री आली काय नि दिवसा आली काय, आंघोळ होतेच, दिवाबत्ती होतेच.

२१ दिवसांवर विश्वास ठेवणं

हे २१ दिवस मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने १९६० च्या सुमारास लिहिलेल्या एका निरीक्षणातून आलेत, पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी इतके दिवस लागतात असं ते होतं. "कमीत कमी" पुढे कुठेतरी गळालं. नंतर लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर अभ्यास केला, त्यात सवय अंगवळणी पडायला १८ पासून २५४ दिवसांपर्यंत अंदाज निघाला, मधला आकडा ६६. आणि एखादा दिवस चुकला तर फारसा फरक पडत नाही हेही त्यातच दिसलं. बाविसाव्या दिवशी जड जातंय म्हणून सोडून देणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

एकच माप ठेवणं

रोज तासभरच, नाहीतर काहीच नाही. आखाजीला (अक्षय तृतीयेला) लेकी माहेरी आल्यात, घर भरलंय, श्रावणात कानबाई देवीचे रोट आहेत, कापूस वेचणीला माणसं मिळत नाहीयेत, अशा दिवसांत तास कुठून काढणार? प्रत्येक सवयीची तीन मापं आधीच ठरवा, पूर्ण, अर्धं आणि चिमूटभर. अभ्यास असेल तर तास, वीस मिनिटं, एक पान. चिमूटभर केलं तरी कॅलेंडरवर खूण करायची, हक्काने. घरच्या बाईला तर हे फार गरजेचं आहे, कारण तिचा "मोकळा वेळ" घरातलं कोणीही कधीही मागून घेतं, आणि खरं सांगायचं तर तिच्या सवयी टिकाव्यात असं वाटत असेल तर बाकीच्यांनी रोज अर्धा तास स्वयंपाकघर सांभाळावं, तिला अजून एक टिप देण्यापेक्षा.

सगळं करूनही जमत नसेल तर

चार-पाच दिवस जमतं आणि रविवारी बिघडतं : सुट्टीच्या दिवशी दोन-तीन तास उशिरा उठणं होतंय का बघा. सोमवारी जड जातं ते त्यामुळेच. तासाभराच्या आत ठेवा, कमी पडलेली झोप दुपारी थोडी भरून काढा.

रात्रपाळीनंतर झोप लागत नाही : घरी येताना उन्हापासून डोळे जपा, टोपी-गॉगल लावा, खोलीत जाड पडदा किंवा गोधडी लावून अंधार करा, आणि शिफ्टच्या शेवटच्या काही तासांत चहा नको.

सात-आठ तास झोपूनही आठवडेच्या आठवडे कॅलेंडरवर सगळं "खाली"च : मग हा सवयीचा प्रश्न नाही, डॉक्टरकडे जा. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. आपल्या नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. हिमोग्लोबिन, थायरॉईड, शुगर, बी-१२ तपासून घ्या, आणि कोणी खूप घोरत असेल, मधेच श्वास अडकतोय असं घरच्यांना दिसत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. रिपोर्ट येऊन औषध लागू पडेपर्यंत सगळ्या सवयी चिमूटभर मापावर ठेवा, कोणी काही म्हणो.