डान्स क्लासला नवीन आहात? शब्दांच्या या चुका टाळा

नवीन बॅच सुरू झाली की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक तक्रार हमखास ऐकू येते: “ताई, स्टेप येते हो, पण ऐन वेळी पाय चुकतो.” नीट बघितलं तर पाय बिचारा सांगितलेलंच करत असतो. ताईंचा शब्द अर्धवट कळलेला असतो, नाहीतर दुसऱ्याच क्लासातून उचलून आणलेला असतो. आठवड्यात दोन दिवस कथक, शनिवारी हिप-हॉप आणि मे महिन्याच्या सुट्टीत साल्साचं वर्कशॉप असा पुष्कळांचा कार्यक्रम असतो. हौस चांगलीच आहे. फक्त एका शैलीतला शब्द दुसरीत तसाच चालेल असं धरून चाललात की घोळ सुरू होतो. कथकाबद्दल इथे जरा जास्त लिहिलं आहे, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच दिसतो.

सोळा मात्रा म्हणजे दोन वेळा आठ नव्हे

बॉलिवूड, जॅझ, हिप-हॉपच्या क्लासात मोजणी आठाची असते. “फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट” ही नुसती तयारीची सूचना, हालचाल पुढच्या ‘वन’वर सुरू होते. नवखी मंडळी ‘फाइव्ह’लाच सुटतात आणि चार काउंट पुढे जाऊन उभी राहतात.

हीच मंडळी कथकात तीनताल, म्हणजे सोळा मात्रांचा (ठोक्यांचा) ताल, आला की आठ-आठ असं दोनदा मोजतात. हिशोब जुळतो, पण ताल हातातून जातो. तीनतालाची नववी मात्रा म्हणजे ‘पुन्हा एक’ नाही, ती ‘खाली’ आहे, म्हणजे टाळी नसलेली मात्रा. टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर. नवव्या मात्रेवर हात नुसता उघडायचा. दोनदा आठ मोजणारी मुलगी तुकडा संपवून भलत्याच ठिकाणी, ‘खाली’च्या मात्रेवर, दिमाखात थांबते आणि तबलजी तिच्याकडे बघत राहतो. उपाय साधा आहे. लेहरा (तालाचं आवर्तन दाखवणारी, पुन्हा पुन्हा वाजणारी धून) लावा, बसा आणि नुसती टाळी-खाली द्या. कान तबल्याकडे ठेवा. खालीच्या विभागात ‘धिं धिं’च्या जागी ‘तिं तिं’ येतं आणि डग्ग्याचा (डाव्या हाताच्या तबल्याचा) घुमारा गायब होतो. हा फरक ऐकू यायला लागला की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे आहे ते बोटं न मोजताही कळतं.

दुगुनचा घोळ याच्याच शेजारचा. ताई “आता दुगुन” म्हणाल्या की सगळा वर्ग धावत सुटतो, टाळीसुद्धा जलद होते. दुगुनमध्ये लय वाढत नाही. मात्रा आहेत तिथेच राहतात, एका मात्रेत दोन बोल बसतात. म्हणून दुगुन करताना हाताची टाळी ठाय (मूळ, संथ) लयीतच द्या आणि तोंडाने बोल दुप्पट म्हणा. टाळी हलली तर दुगुन झाली नाही, फक्त घाई झाली.

तत्कारात पाय आलटून-पालटून पडत नाहीत

तत्कार म्हणजे कथकातलं पायांचं मूळ काम: ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. बोल सोपे, म्हणून कुणी लक्ष देत नाही. पहिला ‘ता’ उजव्या पायाने, मग डावा, उजवा, डावा. पुढचा ‘आ’ पुन्हा डाव्यानेच, मग उजवा, डावा, उजवा. म्हणजे ‘तत्’ आणि ‘आ’ लागोपाठ डाव्या पायाचे, आणि शेवटचा ‘तत्’ व पुढच्या आवर्तनाचा ‘ता’ लागोपाठ उजव्याचे. चालताना पाय आलटून-पालटून पडण्याची सवय असल्यामुळे शरीर ‘आ’ला उजवा पुढे करू बघतं. ठाय लयीत हे लपून जातं, चौगुनमध्ये (एका मात्रेत चार बोल) उघडं पडतं. ‘तत्-आ’ एवढाच जोड वेगळा काढून डावा-डावा असा घोटा, मग ‘तत्-ता’ उजवा-उजवा. आणि हे सगळं घुंगरू न बांधता. घुंगरांच्या आवाजात चुकलेला पाय सहज दडतो.

तिहाई सोळावर संपवू नका

तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा, आणि शेवटचा आघात समेवर. आता पाच मात्रांचा तुकडा घ्या, मध्ये एकेक मात्रा सोडा: पाच, एक, पाच, एक, पाच. बेरीज 17. इथे विद्यार्थी घाबरतात, कारण ताल तर 16 मात्रांचा. मग कुठेतरी एक मात्रा गिळून सोळावर बसवतात. पण सतरावी मात्रा म्हणजेच पुढची सम, तिथेच पोचायचं असतं. तिहाई एक मात्रा आधी संपत असेल तर बहुतेक वेळा मधला विराम खाल्लेला असतो. त्या विरामाला मनातल्या मनात ‘एक’ म्हणा.

अराइमंडी आणि प्लिए

भरतनाट्यममध्ये अराइमंडी म्हणजे गुडघे बाहेर उघडून घेतलेली अर्धी बैठक. बॅलेतला प्लिए फोटोत तसाच दिसतो, त्यामुळे दोन्ही शिकणाऱ्या मुली एकाचं काम दुसऱ्याला लावतात. प्लिए ही हालचाल आहे: खाली जायचं, वर यायचं, उडीच्या आधी आणि नंतर धक्का पेलायचा. अराइमंडी ही बैठक आहे. तिच्यात राहूनच तट्टडवू आणि नाट्टडवू हे पायांचे मूळ प्रकार करायचे असतात. दर आघाताला डोकं वरखाली होत असेल तर तुम्ही नकळत प्लिए करता आहात. आरशावर डोक्याच्या उंचीला चिकटपट्टी लावली की लगेच कळतं.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी आहे. पाय बाहेर वळतो तो खुब्यातून. पावलं जबरदस्तीने फाकवली आणि गुडघे पुढेच बघत राहिले, तर ताण गुडघ्यावर येतो. गुडघा पावलाच्या बोटांच्या दिशेला हवा. तेवढं जमत नसेल तर पावलं कमी उघडा, कोन वाढायला वेळ लागू द्या. दुखत असताना दामटायचं नाही.

भरतनाट्यमच्या शब्दांनी बिचकणाऱ्या मराठी मुलींना एक सांगावंसं वाटतं. अलारिप्पू या सुरुवातीच्या नृत्यापासून तिल्लाना या शेवटच्या नृत्यापर्यंतचा जो क्रम आज मार्गम म्हणून शिकवतात, तो बसवण्याचं श्रेय तंजावरच्या चार भावांना दिलं जातं: चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू. ते सरफोजीराजे दुसरे यांच्या, म्हणजे मराठा राजाच्या दरबारात होते.

हस्त, हस्तक आणि सरसकट ‘मुद्रा’

बोटांच्या प्रत्येक आकाराला मुद्रा म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण मग वर्गात काय करायचं ते कळत नाही. भरतनाट्यममध्ये पताक, त्रिपताक, मयूर हे एका हाताचे असंयुत हस्त. कथकात ‘हस्तक’ म्हटलं की प्रश्न बोटांपुरता नसतो, अख्ख्या हाताची रेषा कुठून कुठे जाते ते विचारलेलं असतं. हस्तात पहिली गफलत पताक आणि त्रिपताकाची: त्रिपताकात अनामिका दुमडते, पण नवख्यांची करंगळीही सोबत झुकते. दुसऱ्या हाताने करंगळी सरळ धरून सराव करा.

चक्कर की पिरुएट?

चक्कर ही कथकातली गिरकी, पिरुएट ही बॅलेतली. नजर एका बिंदूवर ठेवून डोकं शेवटी आणि झटक्यात फिरवायचं, हे दोन्हीकडे समान. आधार वेगळा: कथकाची चक्कर टाचेवर फिरते, पिरुएट पावलाच्या पुढच्या भागावर. बॅले करून आलेल्या मुली कथकात टाच उचलतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या चक्करीला जागा सोडून भिंतीकडे जातात. खडूने वर्तुळ काढून त्यातच फिरा.

साल्सा: चार आणि आठ कुठे गेले?

शिक्षक “वन टू थ्री, फाइव्ह सिक्स सेव्हन” मोजतात. चार आणि आठवर पाऊल पडत नाही, म्हणून ते म्हणत नाहीत. पण तो वेळ असतोच. तो गाळला की तुम्ही जोडीदाराच्या आणि गाण्याच्या पुढे पळता. सुरुवातीला चार आणि आठ मोठ्याने म्हणा. नवीन वर्कशॉपला गेलात तर क्लास ‘ऑन वन’ आहे की ‘ऑन टू’ हे आधी विचारा, कारण पुढे-मागे जाण्याचा काउंट त्यावर ठरतो. बचाटा या दुसऱ्या जोडीनाचात चारवर टॅप (पायाचा हलका स्पर्श) असतो, थांबा नसतो.

सगळंच ब्रेकडान्स नसतं

ब्रेकिंग 1970च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात घडलं, लॉकिंग आणि पॉपिंग कॅलिफोर्नियात. ब्रेकिंगमध्ये उभ्याने टॉपरॉक, मग जमिनीवरचं फुटवर्क, पॉवर मूव्ह (जोरदार गिरक्या) आणि फ्रीझ (एका पोझमध्ये थिजणं). पॉपिंगमध्ये स्नायू क्षणभर आवळून लगेच सोडायचा असतो. नवखे आवळतात आणि सोडायचं विसरतात, मग हात लाकडासारखा दिसतो. लॉकिंगमध्ये वाहती हालचाल एकदम अडते, पुन्हा सुटते. “पॉप कर” म्हटल्यावर लॉक केलंत तर शिक्षक तेच वाक्य चारदा म्हणतील आणि तुम्हाला चूक सापडणार नाही.

नऊवारी नेसली म्हणजे लावणी नाही

गॅदरिंगमध्ये नऊवारीतलं प्रत्येक नाचगाणं लावणी म्हणून खपतं. फडावरची लावणी ढोलकीच्या जोरावर उभी असते. बैठकीच्या लावणीत कलावंत बसून एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते आणि दर वेळी तिचा वेगळा अर्थ चेहऱ्याने, हाताने दाखवते. तिथे ‘अदा’ म्हणजे हे सगळं काम, नुसता डोळा मारणं नव्हे. “अदा कमी पडते” असं ऐकलंत तर कंबर आणखी हलवू नका. एकच ओळ चार वेगवेगळ्या भावनांनी करून बघा.

‘मार्क करा’ म्हणजे बसा नव्हे

तालमीत “मार्क करा” म्हटलं की निम्मे जण मोबाइल बघतात, उरलेले जीव तोडून नाचतात. मार्क करताना ताकद वाचवायची. काउंट, दिशा आणि जागा मात्र अचूक ठेवायची. ‘फुल आउट’ म्हटल्यावरच पूर्ण जोर. दिशांबद्दलही हेच: शिक्षक समोर तोंड करून उभे असले तरी “उजवा” म्हणजे तुमचा उजवा, ते आरशासारखं करून दाखवत असतील तर बहुधा तसं आधी सांगतात. नसेल सांगितलं तर सुरू होण्याआधी विचारून घ्या, तिसऱ्या ओळीत धडकल्यावर नको.