वादळ कुठून आलं, कसं गेलं: केळीच्या बागेत उभं राहून माग काढायची रीत

आमच्या रावेर तालुक्यात वादळाची बातमी दरवर्षी एकाच साच्यातून निघते. 'चक्रीवादळाचा तडाखा, केळीबागा भुईसपाट.' फोटोत आडवी झालेली केळी आणि डोक्याला हात लावून बसलेला शेतकरी. वादळ कोणत्या शिवारातून शिरलं, कुठून बाहेर पडलं, पट्टा किती रुंद होता, किती वाजता आलं, यातलं एक अक्षर नसतं. आणि आठ दिवसांनी मदतीचा किंवा विम्याचा विषय निघाला की नेमकं हेच विचारतात.

मी केळी लावतो, कृषी पदवीधर आहे आणि गावाच्या ग्रुपवर वादळाचं सांगायचं काम माझ्याकडे आपसूक आलंय. वादळाचा माग काढून तो लिहून ठेवणं स्वस्तातल्या मोबाइलवर आणि वहीवर जमतं. ते का करायचं, एवढं आधी सांगतो. महावेध या राज्य सरकारच्या प्रकल्पाची हवामान केंद्रं महसूल मंडळाला एक अशी आहेत. एका मंडळात बरीच गावं येतात. मे-जूनमधलं आपलं वादळ पुष्कळदा तीन-चार किलोमीटरच्या पट्ट्यातच खेळ संपवतं. ते केंद्रावरून गेलं नाही तर केंद्राच्या नोंदीत त्या दिवशी साधा वारा दिसणार. मग त्या वादळाची नोंद तुम्ही केली तरच आहे.

दुपारी बारापासून

सकाळी हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा बघायचा, पिवळा की नारिंगी एवढाच. तो अख्ख्या जळगाव जिल्ह्याचा असतो. चाळीसगाव आणि रावेर एकाच रंगात, त्यामुळे त्यावर फार विसंबू नका. त्या दिवशी हाताशी फोन चार्ज ठेवायचा, एवढंच त्याचं काम.

खरी उपयोगी गोष्ट म्हणजे तीन तासांचा तात्काळ अंदाज, ज्याला 'नाउकास्ट' म्हणतात. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर आणि 'मौसम' अ‍ॅपवर तो मिळतो. त्यातले वाऱ्याचे आकडे वाचायला शिका. ताशी ४१ ते ६१ किलोमीटर लिहिलं असेल तर मध्यम, ६२ ते ८७ तीव्र, त्याच्या वर अतितीव्र. निसवलेल्या, म्हणजे घड बाहेर पडलेल्या, बागेला मध्यम वाऱ्यातही धोका असतो, हे तिथे कुणी लिहिणार नाही.

रडारची गोष्ट आमच्याकडे जरा अवघड आहे. नागपुरात बसून वादळ पाहणारा माणूस रडारवर पाच मिनिटांत सांगेल की गारा कुठे आहेत. मी ज्या दोन मोठ्या रडारकडे बघतो, त्यातलं भोपाळचं रावेरहून सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरच्या पलीकडे आणि नागपूरचं तीनशेच्या पलीकडे. रडारचा किरण सरळ जातो, जमीन मात्र खाली वळत जाते. अर्ध्या अंशाने वर उचललेला किरण आपल्यापर्यंत येईतो जमिनीपासून सहा किलोमीटरच्या वर गेलेला असतो. म्हणजे भोपाळला दिसतो तो आपल्या ढगाचा माथा. पोटात काय चाललंय आणि खाली वारा किती सुटलाय, ते त्याला दिसत नाही. म्हणून रडारच्या चित्रात आपल्याकडे काहीच रंग नाही, यावरून 'आज काही नाही' असं ग्रुपवर टाकू नका. आपण चित्राच्या कडेला आहोत, कधी कडेच्या बाहेरही.

त्यामुळे मी दोन गोष्टी बघतो. पहिली, इन्सॅटचं उपग्रह चित्र. दुपारी दृश्य प्रकाशातलं बघा. सातपुड्याच्या रांगेवर पांढरे गोळे उठताना दिसतात. दुसऱ्या चित्रात त्यातला एखादा फुगून त्याची एक बाजू पिसासारखी लांबली, तर तो ढग वर पोहोचला समजा. ज्या बाजूला पिसारा गेलाय ती वरच्या वाऱ्याची दिशा. संध्याकाळी हे चित्र काळं होतं, तेव्हा अवरक्त (इन्फ्रारेड) चित्र घ्या. त्यात ढगाचा माथा जितका थंड, तितका ढग उंच. चित्र येईपर्यंत वेळ गेलेला असतो, हे लक्षात ठेवा. तुम्ही बघताय ते आत्ताचं नसतं.

दुसरी गोष्ट 'दामिनी'. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं हे अ‍ॅप खरं तर विजेपासून जीव वाचवायला आहे, पण मला ते वादळाचा माग काढायला सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. गेल्या पाच, दहा आणि पंधरा मिनिटांत पडलेल्या विजा वेगवेगळ्या रंगांत दिसतात. जुने ठिपके कुठे आणि ताजे कुठे, हे बघितलं की वादळ कोणीकडे सरकतंय ते कळतं. ताजे ठिपके अचानक वाढले तर ढग जोर धरतोय. तुमच्याभोवती २० आणि ४० किलोमीटरची वर्तुळं असतात. ठिपके मोठ्या वर्तुळात शिरले की मजुरांना बागेबाहेर काढायला लागा. लहान वर्तुळाची वाट बघू नका. केळी कापणी चालू असेल तर माणसं, घड आणि गाडी हे सगळं आवरायला वेळ लागतोच.

शेवटची वीस मिनिटं

इथून पुढे मोबाइल खिशात घाला आणि बघा. दिवसभर घामाघूम करणारा वारा पडतो, पान हलत नाही. मग क्षितिजावर ढगाची काळी कड, तिच्याखाली धुळीची भिंत. ती भिंत म्हणजे पाऊस नव्हे. ढगातून खाली आपटून पुढे पसरलेली थंड हवा धूळ उडवत येत असते आणि ती पावसाच्या आधी पोहोचते.

आपल्याकडे हा प्रकार एवढा जोरात का होतो, ते उन्हाळ्याच्या झळांमुळे. चव्वेचाळीस अंशांच्या कोरड्या हवेतून पाऊस पडायला लागतो तेव्हा बरेच थेंब वाटेतच वाळून जातात. वाळताना ते हवेची उष्णता ओढून घेतात. थंड झालेली हवा जड होते आणि खाली कोसळते. जमिनीवर आपटली की, फरशीवर बादली उपडी केल्यावर पाणी फाकतं तशी चहूकडे फाकते. इंग्रजीत याला डाउनबर्स्ट म्हणतात आणि आपल्या बागा बहुतेक वेळा यातच जातात. पाऊस चार थेंब आणि बाग आडवी, याचं कारण हेच.

त्या वेळी तुम्ही घरात असायचं. फक्त तीन गोष्टींची वेळ लिहून ठेवा: पहिला थंड झोत कधी लागला, लाइट कधी गेली, वारा कधी थांबला. लाइटची वेळ मला फार आवडते, कारण गावात प्रत्येकाला ती आठवते आणि सीसीटीव्ही असेल तर त्यातही सापडते. दोन गावांच्या थंड झोताच्या वेळा मिळाल्या की वेग निघतो. मधलं अंतर १५ किलोमीटर आणि फरक २० मिनिटांचा असेल तर वादळ ताशी ४५ किलोमीटरने सरकलं. हा सरकण्याचा वेग, झोताचा नव्हे. झोत त्याहून बराच जास्त असू शकतो.

वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडू नका. विहिरीच्या लोखंडी पाइपाला आणि मोटरच्या पेटीला हात लावायला तर मुळीच नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी, शेत वाचायचं

यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. सकाळी लवकर निघायचं, कारण नऊच्या सुमाराला लोक पडलेली केळी ओढायला लागतात आणि पुरावा हलतो. तारा तुटून पडल्या असतील त्या शेतात जायचं नाही, वायरमनने लाइन बंद केल्याचं सांगेपर्यंत नाही.

महाभूनकाशाच्या संकेतस्थळावरून गावाचा गट नंबर असलेला नकाशा काढून घ्या. चालताना प्रत्येक ठिकाणी झाड ज्या दिशेला पडलंय, म्हणजे मुळाकडून शेंड्याकडे, तसा बाण त्या गटावर काढायचा. दिशा मोबाइलच्या होकायंत्रावर घ्या, पण पत्र्याच्या शेडजवळ आणि गाडीजवळ ते चुकतं. दहा पावलं दूर व्हा.

आता बाण कोणाचे घ्यायचे हे महत्त्वाचं. घड लागलेली केळी भरवशाची नाही. तिचा झोक मुळातच घडाच्या बाजूला असतो, वाऱ्याने नुसतं निमित्त दिलं तरी ती तिकडेच पडते. घड न आलेली बाग, बांधावरचा निंब, बाभूळ, शेवरी, यांचे बाण खरे. विजेचे खांबही फसवतात. एक पडला की तार पुढच्याला ओढते आणि सात खांब एकाच दिशेला झोपतात, वारा तिकडचा असो वा नसो. पत्रे किती लांब गेले यावरून वाऱ्याचा वेग सांगणारे पुष्कळ भेटतील. सुटा पत्रा थोड्या वाऱ्यातही पतंग होतो. तो कसा बसवला होता, खिळ्याने की दगड ठेवून, ते आधी विचारा.

एकावर एक पडलेल्या झाडांपाशी जरा थांबा. खालचं आधी पडलं, वरचं नंतर. खालचं पूर्वेकडे आणि वरचं ईशान्येकडे असेल तर वारा फिरत गेला. कुणी कितीही छातीठोक सांगो, या दोन झाडांचा जबाब जास्त पक्का.

नकाशावर बरेच बाण झाले की चित्र उमटतं. सगळे बाण साधारण समांतर किंवा एका ठिकाणाहून पंख्यासारखे फाकलेले असतील तर डाउनबर्स्ट. फाकलेले बाण उलट मागे वाढवत नेले की ते जिथे जवळ येतात, तिथे हवा आपटली. टोर्नेडो, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरलेला गरगरता वारा, असेल तर चित्र वेगळं. पट्टा अरुंद आणि लांब. वादळ ज्या दिशेने गेलं तिकडे तोंड करून उभं राहिलं तर उजवीकडची झाडं पुढे पडलेली, डावीकडची आडवी किंवा मागे, आणि मध्ये बाण एकमेकांना छेदणारे. आपल्या गोलार्धात टोर्नेडो बहुधा घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून उजवी बाजू जोराची. असं चित्र आपल्याकडे क्वचितच निघेल, पण भारतात हे होतच नाही असंही नाही. १७ मार्च १९७८ ला दिल्लीत विद्यापीठाच्या परिसरात टोर्नेडो आला होता, २८ माणसं गेली.

ही रीत टेड फुजिता या जपानी शास्त्रज्ञाची. १९४५ मध्ये त्यांनी नागासाकीला बॉम्बने झाडं कशी बाहेरच्या बाजूला पाडली ते पाहिलं होतं. पुढे अमेरिकेत १९७४ च्या टोर्नेडोंच्या पाहणीत जंगलात तसाच फाकलेला नमुना त्यांना वरून दिसला आणि हे टोर्नेडोचं काम नाही, वरून आपटलेल्या हवेचं आहे, असा अंदाज त्यांनी बांधला. तेव्हा पुष्कळांनी तो मानला नाही. टोर्नेडोचं नुकसान मोजायची मापपट्टीही त्यांचीच, २००७ पासून तिथे तिची सुधारलेली आवृत्ती, 'ईएफ', वापरतात. तिच्यात नुकसानीच्या २८ वस्तू आहेत. घरं, शाळा, खांब आणि दोन प्रकारची झाडं. केळी नाही. त्यामुळे 'ईएफ टू होता' असं ग्रुपवर लिहिणाऱ्या पोरांना मी विचारतो, कोणत्या घरावरून मोजलं रे भाऊ? केळी मोडली यावरून एवढंच म्हणता येतं की केळी मोडण्याइतका वारा होता.

मोडली की उन्मळली, तेही लिहा. खोड मधून मोडलं तर झटका. मुळासकट उपटली तर जमीन आधीच ओली होती किंवा नुकतं पाणी दिलेलं होतं. शेजारच्या कोरड्या बागेशी ताडून पाहा.

पंचनाम्यासाठी

तलाठी, कृषी सहाय्यक आणि ग्रामसेवक मिळून पंचनामा करतात. सरकारने या पदांची नावं बदलली तरी गावात हीच चालतात. पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तरच सरकारी मदतीच्या निकषात बसतं. म्हणून गटातली उभी झाडंही मोजा, नुसती पडलेली नको. चार ओळी निवडा, बांधालगतच्या नव्हे, आतल्या, आणि त्यातली उभी किती, पडलेली किती, निसवलेली किती ते लिहा. फळपीक विमा काढला असेल तर कळवायची मुदत ७२ तासांची धरून चला आणि त्या वर्षाच्या शासन निर्णयात वाऱ्याची अट काय आहे ते आधीच, एप्रिलमध्ये, वाचून ठेवा. वादळानंतर ते वाचायला कोणाचं डोकं ठिकाणावर नसतं.

फोटो तीन प्रकारचे काढा: बांधावरून अख्खी बाग, मोजलेली ओळ आणि एक-दोन खोडं जवळून. तिन्हींत काहीतरी ओळखीचं येऊ द्या, विहीर, देऊळ, टाकी. फोनचं लोकेशन चालू ठेवा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलात तर त्यातलं ठिकाण आणि वेळ गळून जाते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मूळ फोटो फोनमधून काढू नका.

आठवड्यात दुसरं वादळ आलं, आणि मे अखेरीस ते येतंच, तर दोन्ही नुकसानी एकमेकांत मिसळतात. तेव्हा मोडलेल्या खोडाची जागा बघा. ताजी मोड पांढरट, ओली आणि चिकट. जुनी तपकिरी पडलेली, कडा सुकलेल्या. पहिल्या पाहणीत पडलेल्या झाडांवर चुन्याचा ठिपका मारून ठेवला असेल तर हेही करावं लागत नाही.