चित्रं गेली कुठे?

प्रवासात वाचायला वेबसाइटवरचा एक लांबलचक लेख कंट्रोल-एस दाबून सेव्ह केला, फाइल पेनड्राइव्हवर टाकली. दुसऱ्या लॅपटॉपवर उघडली तर आकृत्यांच्या जागी रिकाम्या चौकटी! चूक माझीच. सेव्ह करताना ‘वेबपेज, कम्प्लीट’ निवडलं की एचटीएमएल फाइलशेजारी (म्हणजे पानाचा मजकूर असलेल्या फाइलशेजारी) जवळपास त्याच नावाचं फोल्डर तयार होतं. चित्रं त्यात असतात. ते मी मागेच ठेवलं होतं.

आता क्रोममध्ये ‘सिंगल फाइल’ निवडतो. चित्रांसकट सगळं एकाच एमएचटीएमएल फाइलमध्ये बसतं. आधी पान तळापर्यंत सरकवायचं, कारण काही चित्रं तिथे पोचल्याशिवाय लोडच होत नाहीत. (हे कळायला आणखी एक लेख वाया गेला.) फोनवर तीन ठिपक्यांच्या मेनूतला डाउनलोडचा बाण दाबतो आणि इंटरनेटशिवाय दिसतं ना, हे एअरप्लेन मोड लावून एकदा उघडून बघतो.