अनेक धर्मांच्या सहवासात ख्रिस्ती विश्वास कसा जपावा

शेजारी, सहकारी, मित्र आणि कित्येकदा घरातलीच माणसे वेगळ्या श्रद्धेची असणे, ही ख्रिस्ती मंडळीवर आज नव्याने ओढवलेली अडचण नव्हे. नव्या करारातील पत्रे ज्यांना लिहिली गेली, ते विश्वासणारे देवळांनी गजबजलेल्या शहरांत राहत होते, आणि त्यांच्या ओळखीपाळखीची बहुतेक माणसे निरनिराळ्या दैवतांची भक्ती करीत होती. अशा जगात दोन वाटा सोप्या वाटतात. एक म्हणजे दारे लावून आपल्यातच राहणे, आणि दुसरी म्हणजे विश्वास इतका पातळ करून टाकणे की तो कोणाला खटकूच नये. या दुसऱ्या वाटेवर मी स्वतः काही वर्षे होतो, म्हणून तिच्याविषयी थोडे अधिकाराने सांगू शकतो.

अनेक वर्षे शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या एका सहकाऱ्याने एकदा जेवणाच्या सुट्टीत मला सरळ विचारले, “तुझ्यासाठी येशू नेमका कोण आहे?” मी म्हणालो, “थोर गुरू होते, आणि शेवटी सगळेच चांगले वागायला शिकवतात.” त्याने मान हलवली, डबा मिटला आणि विषय तिथेच संपला. त्याला वाद घालायचा नव्हता. त्याने मनापासून विचारले होते. घरी परतताना माझ्या ध्यानात आले की सलोख्यासाठी मी काही झाकून ठेवले, असे म्हणण्याचीही सोय नाही, कारण सांगायला शब्दच तयार नव्हते. रविवारमागून रविवार जो मतांगीकार, म्हणजे विश्वासाची ठरलेली कबुली, मी उभा राहून म्हणत आलो होतो, त्यातले एक वाक्यही मला माझ्या भाषेत सांगता आले नव्हते.

म्हणून पहिले काम हे की, आपण काय मानतो ते स्वतःच्या शब्दांत मांडायला शिकावे. प्रेषितांचा मतांगीकार घ्यावा, दर आठवड्याला त्यातील एकच विधान निवडावे, आणि ज्याने कधी चर्चमध्ये पाऊल टाकलेले नाही अशा मित्राला सांगतो आहोत असे समजून ते चार-पाच ओळींत लिहून काढावे. “कृपा”, “तारण”, “साक्ष” हे आपल्या सवयीचे शब्द वापरायचे नाहीत असे ठरवले, की आपल्याला खरोखर किती समजले आहे ते लगेच उघडे पडते. हे लिहिताना गाभा कोणता आणि कवच कोणते, हेही हळूहळू वेगळे होऊ लागते. देव येशूमध्ये मनुष्य झाला, तो वधस्तंभावर मरण पावला आणि तिसऱ्या दिवशी उठला, आणि क्षमा ही कमाई नसून देणगी आहे, हा गाभा आहे. तो सोडला तर उरते ते दुसरेच काहीतरी. उपासनेची भाषा, संगीत, पेहराव, माणसांची नावे या गोष्टी मात्र बदलू शकतात. जुन्या करारातील दानीएल बंदी म्हणून बाबेलमध्ये नेला गेला; तेथे त्याने बेल्टशस्सर हे परके नाव स्वीकारले आणि खास्दी, म्हणजे बाबेलच्या, लोकांची विद्या व भाषा तो आत्मसात करीत गेला, पण राजाच्या ताटातील अन्नाने विटाळायचे नाही असे त्याने मनाशी ठरवले. तेव्हाही त्याने आरडाओरड केली नाही, तर अधिकाऱ्याकडे दहा दिवसांची परीक्षा मागितली. कुठे वाकायचे आणि कुठे नाही, हे त्याचे आधीच ठरलेले होते, म्हणूनच त्याला नम्रपणे बोलता आले.

खरी कसोटी लागते ती आमंत्रणांच्या वेळी. इतरांच्या धार्मिक प्रसंगांना जावे का, आणि गेल्यावर कशात भाग घ्यावा, या प्रश्नावर प्रेषित पौलाने करिंथकरांस, म्हणजे करिंथ शहरातील ख्रिस्ती मंडळीला, लिहिलेल्या पहिल्या पत्राचे आठ ते दहा हे अध्याय एका बैठकीत वाचावेत, कारण त्यातील एखादे वचन सुटे काढले की हवा तो निष्कर्ष काढता येतो. पौलाची भूमिका बारकाईची आहे. मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, असे तो म्हणतो, पण प्रत्येकाच्या मनाला तेवढे ज्ञान नसते, हेही तो विसरत नाही. बाजारात विकले जाणारे मांस मूर्तीला वाहिलेले असू शकत होते, तरी ते काही न विचारता खावे आणि अविश्वासणाऱ्याने जेवायला बोलावले तर जाऊन पुढ्यात येईल ते खावे, अशी मोकळीक तो देतो. मात्र हे अर्पण केलेले आहे असे कोणी मुद्दाम सांगितले, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नये, असेही बजावतो. आणि प्रभूच्या मेजाचे, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ घेतल्या जाणाऱ्या भाकरी-द्राक्षारसाचे, भागीदार असताना मूर्तींना अर्पण होणाऱ्या मेजाचेही भागीदार होता येत नाही, येथे तो तसूभरही हलत नाही. या तिन्ही सूचना एकत्र धरल्या की एक व्यवहार्य कसोटी हाती लागते: मी या घरी प्रेमाने आलो आहे, की येथे जे केले जात आहे ती माझीही उपासना आहे असे माझ्या कृतीतून दिसणार आहे? आणि माझ्यामागून येणारा, विश्वासात नवा असलेला माणूस हे पाहून गोंधळणार तर नाही ना?

या कसोटीने सारे प्रसंग सुटतात असे मात्र नाही. अरामाचा सेनापती नामान कुष्ठरोगातून बरा झाल्यावर इस्राएलाच्या देवाचीच भक्ती करण्याची शपथ घेतो आणि लगेच संदेष्टा अलीशाला आपली अडचण सांगतो: माझा धनी रिम्मोन दैवताच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करील तेव्हा मलाही वाकावे लागेल, त्याची मला क्षमा व्हावी. अलीशा त्याला नियमांची यादी देत नाही. शांतीने जा, एवढेच म्हणतो. या उत्तराचा आधार घेऊन काहीही खपवू नये, पण नोकरीच्या किंवा नात्याच्या बंधनात अडकलेल्या भावाबहिणीला धारेवर धरण्याआधी ते प्रत्येकाने आठवावे, असे मला कळकळीने वाटते.

नकार द्यायचा असेल तर तो कसा द्यावा, हेही शिकण्यासारखे आहे. ऐनवेळी सर्वांसमोर हात मागे घेतल्याने यजमानाची मान खाली जाते, आणि कारण न सांगता गैरहजर राहिले तर तो तुटकपणा ठरतो. दोन दिवस आधी, एकट्याला भेटून बोलावे. एका मित्राच्या घरच्या पूजेआधी मी त्याला म्हणालो, “तू बोलावलेस याचा मला फार आनंद आहे आणि मी नक्की येईन. फक्त पूजा चालू असताना मी बाजूला शांत बसेन, कारण माझी भक्ती मी ख्रिस्ताला वाहिलेली आहे. खुर्च्या लावायला आणि पाहुण्यांना वाढायला मला लवकर बोलाव.” तो क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, “बरे झाले आधी सांगितलेस, आईला मी समजावतो.” या बोलण्यात त्याच्या श्रद्धेवर टीका नव्हती आणि माझ्या श्रद्धेबद्दल दिलगिरीही नव्हती. काही घरी याचे वाईट वाटेल, काही नाती थोडी थंड होतील. ती किंमत आहे, आणि ती मोजावी लागणार नाही असे मी कोणाला सांगणार नाही.

“सगळे धर्म एकच सांगतात” हे वाक्य वारंवार कानी पडते. ते उच्चारणारा बहुधा तत्त्वज्ञान मांडत नसतो, त्याला भांडण नको असते. म्हणून आधी त्याच्या शांततेच्या इच्छेला होकार द्यावा, मग सौम्यपणे म्हणावे की आपल्यात मतभेद आहेत आणि तरीही आपण एकमेकांचे राहू शकतो. सगळे एकच आहे असे म्हणताना समोरच्याची श्रद्धाही आपण नीट ऐकून घेतलेली नसते. ती त्याच्याच तोंडून ऐकावी. त्याला काय प्रिय आहे, तो कशासाठी प्रार्थना करतो, हे विचारावे, आणि आपल्या धर्मातील संतांची तुलना त्याच्या धर्मातील ढोंग्यांशी करू नये. खोटी साक्ष न देण्याची आज्ञा येथेही लागू आहे. अथेनै शहरात मूर्ती पाहून पौलाचा जीव तळमळला, तरी तेथील अरीयपग टेकडीवरच्या सभेत बोलताना त्याने शिवीगाळ केली नाही. तेथील लोकांच्या पूजेच्या वस्तू त्याने हिंडून पाहिल्या होत्या, त्यांच्याच कवींची ओळ त्याला पाठ होती, आणि तरीही पुनरुत्थानाची गोष्ट त्याने गाळली नाही. काहींनी थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा ऐकू, आणि थोड्यांनी विश्वास ठेवला. त्याहून चांगल्या निकालाची अपेक्षा आपण का धरावी? कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली काढलेल्या घोषणापत्रातही इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही असे म्हटले आहे, आणि त्याच परिच्छेदात ख्रिस्ताची घोषणा करण्याचे कर्तव्यही सांगितले आहे.

मदत करताना मात्र काहीही अट मनात ठेवू नये. चौथ्या शतकातील रोमी सम्राट ज्युलियन ख्रिस्ती विश्वासाचा विरोधक होता, तरी आपल्या पुरोहिताला लिहिताना त्याने कबूल केले की हे लोक स्वतःच्याच नव्हे, तर आमच्या गरिबांनाही पोसतात. आजारी शेजाऱ्याच्या उशाशी बसताना प्रार्थना करू का, हे विचारूनच करावी, आणि तो नको म्हणाला तरी बसून राहावे. जोडीदाराची श्रद्धा वेगळी असेल तर प्रेषित पेत्राचा पत्रातील सल्ला लक्षात ठेवावा: तेथे शब्दांपेक्षा वागणूक अधिक बोलते.

हे सारे एकट्याने पेलत नाही. सुमारे 112 साली रोमी राज्यपाल प्लिनीने सम्राट ट्राजनला कळवले की हे लोक ठरावीक दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात, आणि चोरी, व्यभिचार, विश्वासघात करणार नाही अशी शपथ घेतात. तेवढ्याशा गोष्टीवर त्या छोट्या मंडळ्या टिकल्या. आठवड्याच्या उपासनेइतकीच गरज एखाद्या वडीलधाऱ्या माणसाची असते, ज्याला “मला हल्ली शंका येतात” असे न घाबरता सांगता येईल. दुसऱ्या धर्मातील माणसाचा चांगुलपणा पाहून आपला विश्वास डळमळला, असे अनेक तरुण मला सांगतात. त्यांना मी मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायातील रोमी शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांवरचा परधर्मी अधिकारी, दाखवतो. इतका विश्वास इस्राएलातही आढळला नाही, असे येशूने त्याच्याविषयी म्हटले, आणि ते म्हणताना त्याला आश्चर्य वाटले, आनंदही झाला असावा. मग आम्ही दोघे मिळून ज्याच्यामुळे शंका आली त्या माणसाचे नाव घेऊन देवाचे आभार मानतो, आणि त्यानंतरच शंकेकडे वळतो.